मृत जनावरांची विल्हेवाट (महाराष्ट्र)

मृत जनावरांची विल्हेवाट म्हणजे शेतीत व दुग्धव्यवसायात बाळगलेली गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी इत्यादी जनावरे व पक्षी रोगाने, वार्धक्याने, अपघाताने अथवा नैसर्गिक आपत्तीत मेल्यानंतर त्यांचे शव हलवणे, सोलणे, त्यापासून कातडे, चरबी, हाडे व खत मिळवणे किंवा ते पुरून वा जाळून नष्ट करणे. हे काम किळसवाणे मानले जात असले तरी सार्वजनिक आरोग्य, पाण्याची शुद्धता व पशुधनाची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. महाराष्ट्रात शतकानुशतके हे काम गावगाड्याच्या व्यवस्थेत ठरावीक जातींवर, मुख्यतः महार समाजावर, लादलेले होते. विसाव्या शतकात या समाजाने ते नाकारले. त्याच शतकाच्या अखेरीस गिधाडांची संख्या कोसळली. या दोन घटनांनंतर ग्रामीण भागात या कामाला निश्चित धनी उरला नाही. आज ही जबाबदारी कायद्याने व व्यवहाराने पशुपालक, स्थानिक स्वराज्य संस्था आणि पशुसंवर्धन विभाग यांच्यात विभागलेली आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशीय जनावरे व सुमारे ५६ लाख म्हशी होत्या. म्हणजेच सुमारे दोन कोटी मोठ्या जनावरांच्या अखेरीचा प्रश्न राज्यात कोणत्याही वेळी उभा असतो.

## संज्ञा

बोलीभाषेत मेलेल्या जनावराला 'पडलेले जनावर' किंवा 'मेलेले ढोर' म्हणतात. ते गावाबाहेर नेण्याच्या कामाला 'ढोर ओढणे' व ते सोलण्या-कापण्याला 'ढोरफोडी' असे शब्द रूढ होते. मेलेल्या जनावराचे मांस खाण्यास 'मृताहार' म्हणतात. कुक्कुटपालनात मेलेल्या पक्ष्यांच्या प्रमाणाला 'मरतूक' हा शब्द वापरला जातो.

महार वतनदारांना गावाकडून मिळणाऱ्या इनाम जमिनीला 'हाडकी-हाडोळा' म्हणत. या नावातील 'हाड' हा अंश गावाबाहेरील, मृत जनावरांची हाडे पडत असलेल्या जागेकडे निर्देश करतो, असे मानले जाते. शव उष्णतेने शिजवून त्यातील चरबी, पाणी व घन भाग वेगळे करण्याच्या औद्योगिक प्रक्रियेस मराठीतही 'रेंडरिंग' हाच शब्द प्रचलित आहे.

## इतिहास

### बलुतेदारी व गावकामाचे हक्क

गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांच्या गावकामांपैकी एक होते. गावची शीव राखणे, सरकारी निरोप पोचवणे, वसुलाच्या वेळी हजर राहणे या कामांबरोबर ते करावे लागे. मोबदला म्हणून बलुते, इनाम जमीन आणि मृत जनावराचे कातडे व मांस यांवरील हक्क मिळत. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या महारांच्या 'बावन हक्कां'मध्ये मृत जनावरांवरील हक्काचा समावेश होतो. काही ठिकाणी कातड्यावर महार व मांग या दोन्ही समाजांचे दावे असत व त्यावरून तंटे होत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात अशा बलुतेदारी संबंधांचे तपशीलवार वर्णन आढळते.

काढलेले कातडे पुढे ढोर समाजाकडे कमावण्यासाठी जाई. कमावलेल्या चामड्यापासून चांभार व मांग कारागीर जोडे, मोटा, नाडे, सोल, वाद्ये इत्यादी वस्तू बनवत. विहिरीवरील चामडी मोट ही बागायती शेतीची मोठी गरज होती. म्हणजे मेलेल्या बैलाच्या कातड्याची मोट होऊन पुन्हा बैलांकरवीच पाणी उपसले जाई. गावाला या वस्तूंची नित्य आवश्यकता असूनही त्या निर्माण करणाऱ्यांना अस्पृश्य मानले जात असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्ची कातडी व हाडे यांना युरोपात मागणी वाढली आणि त्यांची निर्यात बंदरांतून होऊ लागली. दुष्काळाच्या वर्षांत जनावरे मोठ्या संख्येने मरत व कातड्यांची निर्यात वाढत असे. गावातील जुना हक्क अशा रीतीने बाजाराशी जोडला गेला.

### मृताहारत्याग व गावकामाला नकार

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी मृताहार सोडण्याचे व हीन मानली गेलेली कामे टाकण्याचे आवाहन केले. सवर्णांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत, असेही परिषदेने सुचवले. त्यानंतर अनेक गावांतील महारांनी ढोरे ओढणे बंद केले. त्याची प्रतिक्रिया म्हणून काही ठिकाणी बलुते बंद करणे, बहिष्कार घालणे, मारहाण करणे असे प्रकार घडले.

या नकारावर आर्थिक आक्षेपही घेण्यात आले. कातडे, शिंगे, खूर व हाडे यांच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न गरीब समाजाने का गमवावे, असा प्रश्न वृत्तपत्रांतून विचारला गेला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील धर्मांतरानंतरच्या भाषणात आंबेडकरांनी या जुन्या वादाचा उल्लेख केला. संगमनेर येथील सभेच्या वेळी 'केसरी'च्या वार्ताहराने चिठ्ठी पाठवून हाच प्रश्न विचारल्याची हकिकत त्यांनी सांगितली. या कामात एवढा लाभ असेल तर तो आक्षेपकांनी स्वतः घ्यावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. उत्पन्नापेक्षा आत्मसन्मान मोलाचा, हा या युक्तिवादाचा गाभा होय.

वतन व गावकाम यांचा संबंध तोडण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले होते. ते तेव्हा संमत झाले नाही. पुढे कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा मुंबई राज्याचा १९५८ चा अधिनियम १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला आणि महार वतनाबरोबर येणारी सक्तीची गावकामे कायद्याने संपली.

दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मचरित्रांतून महारकीचे जग व त्यातील दारिद्र्य आणि अवहेलना मराठी वाचकांसमोर आली.

### चर्मालयांची चळवळ

महात्मा गांधींनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. काम नाकारण्याऐवजी ते शास्त्रशुद्ध व सर्वांनी करण्याजोगे करावे, तसेच कत्तलीऐवजी नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचेच कातडे वापरावे, अशी त्यांची भूमिका होती. वर्ध्याजवळ नालवाडी येथे १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. बंगालमधील सतीशचंद्र दासगुप्त यांनी मृत जनावरांपासून चामडे व इतर उत्पादने मिळवण्याच्या पद्धतींवर ग्रंथलेखन केले.

कोकणात आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या पटवर्धनांनी भंगीकाम व मृत जनावरांची सोलणी ही दोन्ही कामे आपली मानली. कणकवली येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमात चर्मोद्योग व खतनिर्मिती यांचे प्रयोग झाले. ज्या कामाला जात चिकटली आहे ते दुसऱ्या जातीच्या माणसाने केल्याशिवाय ती सुटणार नाही, हा या प्रयोगांमागील विचार होता. या प्रयोगांना आदर मिळाला, तथापि सवर्ण पशुपालकांत त्यांचे अनुकरण क्वचितच झाले.

१९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने चर्मोद्योग आपल्या कार्यक्षेत्रात घेतला आणि सोलणी केंद्रांना व मृत पशू उपयोग केंद्रांना साहाय्य दिले. महाराष्ट्रात चर्मकार समाजासाठी १९७४ मध्ये स्वतंत्र चर्मोद्योग विकास महामंडळ स्थापन झाले. ते आज 'संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ' या नावाने ओळखले जाते.

## शवापासून मिळणारी उत्पादने

मोठ्या जनावराच्या शरीराचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणी असतो. उरलेल्या भागात प्रथिने, चरबी व हाडांतील खनिजे असतात. उष्ण हवामानात रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वायू साचून काही तासांतच शव फुगते आणि कातड्याची प्रत बिघडू लागते. त्यामुळे उपयोग करावयाचा असल्यास सोलणी त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांत, करावी लागते.

* कातडे : सोलताना सुरीचा घाव कातड्यास लागल्यास त्याची किंमत घटते. काढलेल्या कातड्याच्या आतील बाजूस भरपूर मीठ लावून ते टिकवले जाते. नंतर चुनखडीच्या पाण्यात भिजवून केस व मांस खरवडतात आणि बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात ते कमावतात. कोल्हापुरी चपलांचे पारंपरिक चामडे याच वनस्पतिजन्य पद्धतीने कमावले जाते.
* चरबी : शिजवून वेगळी केलेली चरबी साबण, वंगण व औद्योगिक मेदाम्ले यांसाठी वापरली जाते.
* हाडे : हाडांच्या भुकटीतून पिकांना स्फुरद व कॅल्शियम मिळते. हाडांपासून सरस व जिलेटिनही तयार होते. जिलेटिनचा उपयोग औषधांच्या कॅप्सूल व छायाचित्रणाच्या फिल्मसाठी होत आला आहे.
* मांस : वाळवून दळलेले मांस खत म्हणून किंवा नियमांच्या चौकटीत पशुखाद्यासाठी वापरले जाते.
* शिंगे व खूर : यांपासून कंगवे, गुंड्या व शोभेच्या वस्तू बनतात. भुकटीचा उपयोग नत्रयुक्त खत म्हणून होतो.

## विल्हेवाटीच्या पद्धती

### पुरणे

महाराष्ट्रातील खेड्यांत आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत पुरण्याची आहे. पूर्वी माणसे खड्डा खणत. आता बहुतेक ठिकाणी जेसीबी यंत्र भाड्याने बोलावले जाते. लम्पी चर्मरोगाच्या साथीत मृत जनावर किमान ८ फूट खोल खड्ड्यात पुरण्याच्या सूचना देण्यात आल्या होत्या. विहीर, बोअर, ओढा व वस्ती यांपासून जागा दूर असावी, खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीला लागू नये आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी माती वर असावी, ही त्यातील मूलभूत पथ्ये होत.

शवावर चुना टाकण्याची प्रथा सर्वत्र आहे. चुन्यामुळे दुर्गंधी व भटकी जनावरे यांना आळा बसतो, परंतु शव लवकर कुजते ही समजूत बरोबर नाही. चुना कुजण्याची क्रिया मंदावतो. पुरलेले मोठे जनावर पूर्ण विघटित होण्यास काही वर्षे लागू शकतात. त्यामुळे तीच जागा लगेच पुन्हा उकरणे धोक्याचे असते.

### दहन

जाळल्याने रोगजंतूंचा सर्वांत खात्रीशीर नाश होतो, परंतु शरीरातील पाण्यामुळे मोठ्या जनावरास फार मोठ्या प्रमाणावर लाकूड लागते. ग्रामीण पशुपालकास ते परवडत नाही. शहरांत काही महानगरपालिकांनी भट्ट्या उभारल्या आहेत. मुंबई महानगरपालिकेने मालाड येथे २०२३ मध्ये सुरू केलेली दहनव्यवस्था लहान प्राण्यांसाठी आहे.

### रेंडरिंग

रेंडरिंगमध्ये शवाचे तुकडे करून ते बंद पात्रात वाफेच्या दाबाखाली शिजवतात. युरोपीय संघाच्या प्रमाण पद्धतीत ५० मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे १३३ अंश सेल्सियस तापमानास, ३ बार दाबाखाली, किमान २० मिनिटे ठेवावे लागतात. त्यानंतर चरबी निथळून घेतात, उरलेला घन भाग वाळवून दळतात आणि वाफ थंड करून सांडपाण्यावर प्रक्रिया करतात. दुर्गंधी रोखणे हा अशा कारखान्यांपुढील सर्वांत कठीण तांत्रिक प्रश्न असतो. त्यामुळे त्यांना जागा मिळवताना स्थानिक विरोध होतो. मुंबईतील देवनार पशुवधगृहासारख्या मोठ्या केंद्रांत वधानंतरच्या अवशेषांसाठी अशी व्यवस्था असते, परंतु विखुरलेल्या खेड्यांत एकेका जनावराची वाहतूक करून ते कारखान्यापर्यंत वेळेत नेणे अवघड जाते.

रेंडरिंगचा एक धडा ब्रिटनमधून मिळाला. तेथे १९८६ मध्ये गाईंच्या मेंदूचा एक घातक विकार ओळखला गेला. तो सामान्यतः 'मॅड काऊ' या नावाने प्रसिद्ध झाला. रेंडरिंगमधून आलेली मांस-हाडांची भुकटी गाईंनाच खाऊ घातल्याने तो पसरल्याचे दिसून आले. त्यामुळे १९८८ मध्ये ब्रिटनने रवंथ करणाऱ्या जनावरांना असे खाद्य देण्यावर बंदी घातली.

### कंपोस्ट

कोंबड्या, वासरे व शेळ्या-मेंढ्यांसाठी कंपोस्ट हा तुलनेने स्वस्त मार्ग आहे. लाकडाचा भुसा, भाताचे तूस किंवा उसाचे पाचट यांच्या जाड थरांत शव झाकले जाते. सूक्ष्मजीवांच्या क्रियेने ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास बहुतेक रोगजंतू मरतात. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत मरतुकीसाठी झाकण असलेले खोल खड्डे वापरण्याचीही पद्धत आहे.

## रोग व सार्वजनिक आरोग्य

सर्व शवे सारखी धोकादायक नसतात. फाशी या रोगाने मेलेले जनावर सोलणे किंवा फाडणे सर्वांत घातक होय. हाच रोग माणसाच्या त्वचेवर काळपुळीच्या रूपाने प्रकटतो. या रोगात जनावर अचानक मरते आणि नाकातून व गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येते. शव उघडल्यास जिवाणूंचा हवेशी संपर्क येऊन त्यांचे बीजाणू तयार होतात. हे बीजाणू मातीत कित्येक दशके टिकतात. म्हणून अशा संशयित जनावराचे शवविच्छेदन करत नाहीत व कातडेही काढत नाहीत. फऱ्या रोगाचे जिवाणूही मातीत बीजाणुरूपाने राहतात. घटसर्प, लाळ्या-खुरकत यांसारख्या रोगांत शवाची उघड्यावरील हाताळणी साथ पसरवू शकते.

सोलणी करणाऱ्यांना पूर्वी या धोक्यांची माहिती देणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. काळपुळी हा कातडी, केस व लोकर हाताळणाऱ्यांचा व्यावसायिक रोग म्हणून जगभर ओळखला जातो.

साथीच्या काळात विल्हेवाटीचे काम अचानक वाढते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नोंदला गेला. तेव्हा बाधित परिसरातील कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरण्यात आल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरुवात झालेल्या लम्पी चर्मरोगाच्या साथीत राज्यभर जनावरे दगावली. शासनाने मृत गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० व वासरासाठी १६,००० रुपये साहाय्य जाहीर केले. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर व २०२१ चा कोकणातील पूर यांनंतर पाण्यात वाहून आलेली व गोठ्यांत अडकून मेलेली जनावरे हलवणे हे मदतकार्यातील पहिल्या कामांपैकी एक ठरले.

## गिधाडांचा ऱ्हास

गावाबाहेर टाकलेल्या शवाची विनामूल्य विल्हेवाट पूर्वी गिधाडे लावत. त्यांचा मोठा थवा एका जनावराचे मांस तासाभरात संपवू शकतो. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. हाडे मागे राहत व ती गोळा करणारे नेत.

१९९० च्या दशकात ही संख्या वेगाने घटली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाल्याचे सर्वेक्षणात आढळले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्याचे कारण असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनच्या कुपीचे प्रमाण ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांसाठी सुरक्षित पर्यायी औषध मानले जाते.

गिधाडांच्या अभावी शवांवर भटक्या कुत्र्यांची संख्या पोसली गेली व रेबीजचा धोका वाढला. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील चिरगाव व फणसाड, नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसरातील खोरीपाडा आणि गडचिरोली जिल्ह्यातील काही ठिकाणी 'गिधाड उपाहारगृहे' चालवण्याचे प्रयत्न झाले. तेथे औषधमुक्त असल्याची खात्री केलेली मृत जनावरे ठरावीक जागी ठेवली जातात. २०२४ मध्ये पिंजोर येथील संवर्धन केंद्रातून आणलेली गिधाडे पेंच व ताडोबा व्याघ्र प्रकल्पांत ठेवण्यात आली.

## कायदेशीर बाजू

जनावरांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाविषयीचा केंद्राचा २००९ चा अधिनियम अनुसूचित रोगाने मेलेल्या जनावराच्या शवाच्या विल्हेवाटीसंबंधी नियम घालून देतो. शहरी भागात मृत जनावरे उचलणे हे नगरपालिका व महानगरपालिका यांचे काम आहे. ते प्रायः ठेकेदारामार्फत केले जाते.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात (१९८९) झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्यानुसार या समाजांतील व्यक्तीस मानवी अथवा जनावराचे शव वाहण्यास वा त्याची विल्हेवाट लावण्यास लावणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. परंपरेने 'हक्क' म्हणून सांगितले गेलेले काम लादणे अशा रीतीने अपराध मानले गेले.

महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमातील २०१५ च्या दुरुस्तीने गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे कातडे काढणे या कायद्याने निषिद्ध नाही. तथापि ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मृत गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना कत्तलीच्या संशयावरून जाहीरपणे मारहाण झाली. त्यानंतर गुजरातमध्ये अनेकांनी मृत जनावरे उचलण्यास सामूहिक नकार दिला व शवे सरकारी कचेऱ्यांसमोर आणून टाकली. या घटनेचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले.

### पंचनामा व विमा

विमा उतरवलेले जनावर मेल्यास शवविच्छेदनाचा दाखला आणि कानातील बिल्ला यांची आवश्यकता असते. वीज पडणे, पूर यांसारख्या आपत्तीत तलाठ्याचा पंचनामा व पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. आपत्ती साहाय्याच्या २०२२–२६ च्या निकषांनुसार दुधाळ गाई-म्हशीमागे ३७,५०० व ओढकामाच्या मोठ्या जनावरामागे ३२,००० रुपये इतके साहाय्य निश्चित केले आहे. त्यामुळे शव लवकर पुरण्याची आरोग्याची गरज आणि पंचनाम्यापर्यंत ते जागेवर ठेवण्याची कागदपत्रांची गरज यांत अनेकदा ताण निर्माण होतो. अशा वेळी शवाची व बिल्ल्याची स्पष्ट छायाचित्रे उपयोगी पडतात.

## पिंपळगाव बसवंत व निफाड परिसर

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे मुंबई–आग्रा महामार्गावरील गाव टोमॅटो, कांदा व द्राक्षे यांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. सधन बागायती पट्ट्यात शव-विल्हेवाटीचा प्रश्न कोरडवाहू भागापेक्षा निराळे रूप घेतो.

द्राक्षबागांच्या पट्ट्यात जमीन महाग असून बांधापर्यंत लागवडीखाली असते. पूर्वी गावोगावी असलेल्या पडीक व गायरान जागा आक्रसल्या आहेत. कालवे, विहिरी व बोअर जवळजवळ असल्याने खड्ड्यासाठी सुरक्षित अंतर राखणे कठीण जाते. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि खोल खड्डा लगेच भरतो. ट्रॅक्टरमुळे बैलांची संख्या घटली असली, तरी संकरित गाई पूर्वीच्या गावठी जनावरांपेक्षा वजनाने जड असतात. पाच-सहा माणसांच्या हातांनी ओढता येणारे जनावर आता यंत्राशिवाय हलत नाही.

गोदावरी व कादवा नद्यांच्या खोऱ्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. शव उघड्यावर टाकल्यास कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीजवळ येण्याचा संभव वाढतो. याच तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पाणथळास २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. त्यामुळे नदीपात्रात वा कालव्यात शव टाकण्याच्या सवयीचा प्रश्न केवळ गावापुरता राहत नाही.

## सामाजिक प्रश्न

मृत जनावरांच्या कामाविषयीच्या चर्चेत दोन भूमिका सातत्याने आढळतात. आंबेडकरी भूमिकेनुसार हे काम जातीशी जोडले गेले आहे तोवर ते सोडणे हाच मुक्तीचा मार्ग होय. गांधीवादी व ग्रामोद्योगी भूमिकेनुसार काम टाळता येणारे नसल्याने त्याची पद्धत, साधने व त्यास मिळणारा मान बदलला पाहिजे. पहिल्या भूमिकेने सक्ती मोडली व तिचा परिणाम कायद्यातही उतरला. दुसरीने तंत्र दिले, परंतु काम करणाऱ्यांची जात फारशी बदलली नाही. चर्मालयांत व सोलणी केंद्रांत प्रायः त्याच समाजांतील माणसे काम करीत राहिली.

नकारानंतर निर्माण झालेली पोकळी यंत्रांनी अंशतः भरून काढली. जेसीबीचा चालक कोणत्याही जातीचा असतो आणि खड्डा खणून देण्याच्या कामास विटाळ चिकटलेला नाही. शवाला हाताने स्पर्श करण्याचे, दोर बांधण्याचे व सोलण्याचे काम मात्र अजूनही बहुतांशी त्याच समाजांकडे, अनेकदा ठेकेदाराच्या रोजंदारीवर, येते. हातमोजे, गमबूट, लसीकरण व वैद्यकीय तपासणी या सुविधा त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा या क्षेत्रातील प्रलंबित प्रश्न होय. कातडे काढण्याचे कौशल्य असलेली माणसे कमी होत गेल्याने अनेक ठिकाणी मौल्यवान कातडे व हाडे शवासोबत पुरली जातात. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावणाऱ्या लहान कारागिरांना त्यामुळे कच्च्या मालाची टंचाई भासते.

## हे सुद्धा पहा

* बलुतेदार
* महार वतन
* महाड सत्याग्रह
* आप्पासाहेब पटवर्धन
* कोल्हापुरी चप्पल
* गिधाड
* लम्पी चर्मरोग
* निफाड तालुका